चौदा रविवार

रविवार हा आमच्या घरात कमाईचा वार. गंज पेठेत, फुलेवाड्यापासून पाच मिनिटांच्या अंतरावर अण्णांचं सलून आहे. तीन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, आरशाच्या वर सेना महाराजांची तसबीर, कोपऱ्यात रेडिओ. सोमवारी दुकान बंद, म्हणून रविवारी सकाळी सहाला शटर वर जायचं ते रात्री नऊलाच खाली यायचं. आठवड्याच्या गल्ल्यातला जवळजवळ निम्मा हिस्सा त्या एका दिवसाचा. तुमची शिक्षणं रविवारांवर झाली, असं आई मला आणि ताईला सांगायची, आणि ते खरं आहे.

२२ मार्च २०२० हा रविवार होता. जनता कर्फ्यूचा. आदल्या रात्री अण्णांनी खुर्च्यांवर चादरी टाकल्या, कात्र्या आणि वस्तरे डेटॉलच्या पाण्यातून काढून पुसून ठेवले आणि म्हणाले, "एक रविवार गेला समजू." मंगळवारी रात्री आठला पंतप्रधानांनी एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर केली आणि बारा वाजता ती लागूही झाली. राज्यात सलून उघडायला परवानगी मिळाली ती २८ जूनला. तोही रविवारच. २२ मार्च धरून मधले बंद रविवार मी कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलेत. चौदा.

त्या चौदा रविवारांत मी आणि अण्णा फोनवर जेवढं भांडलो तेवढं आधीच्या सगळ्या आयुष्यात भांडलो नव्हतो. मी कोथरूडला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. मार्चच्या मध्यापासून घरून काम सुरू झालं होतं आणि पगार ठरल्या तारखेला पूर्ण जमा होत होता. आमच्यात अंतर सहा-सात किलोमीटरचं. पण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पेठा सील झाल्या, गल्ल्यांच्या तोंडाला बांबू आणि पत्रे लागले. भवानी पेठ क्षेत्रीय कार्यालयाचा भाग शहरातला सगळ्यात जास्त रुग्णांचा म्हणून रोज बातम्यांत येऊ लागला. गंज पेठ त्यातच मोडते. मला रात्री झोप लागायची नाही. दोन खोल्यांत अण्णा, आई आणि चौऱ्याऐंशी वर्षांची आजी, संडास चार बिऱ्हाडांत एक.

मी म्हणायचो, "अण्णा, शिर सलामत तो पगडी पचास. धंदा पुन्हा उभा करता येईल."

"डोक्यांचं मला नको सांगू. चाळीस वर्षं डोकीच बघतोय. तुझी पगडी जागेवर आहे म्हणून तुला शिर आठवतंय."

कोरोना खोटा आहे, असं अण्णा कधीही म्हणाले नाहीत. हे मुद्दाम सांगतो, कारण तेव्हा 'दुकानं उघडा' म्हणणाऱ्या प्रत्येकाला आम्ही लोक अडाणी किंवा बेफिकीर ठरवत होतो. या रोगाची भीती अण्णांइतकी कुणाला असेल? दाढी करताना गिऱ्हाइकाचा श्वास त्यांच्या मनगटाला लागतो. सहा फुटांचं अंतर ठेवून वस्तरा चालत नाही. त्यांचा प्रश्न साधा होता, आणि तो समजून घ्यायला मला फार वेळ लागला. ते विचारत होते, "बंद ठेवतो. मग खायचं काय, आणि ते किती दिवस, एवढं कुणीतरी सांगा."

याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. चौदा एप्रिल, मग तीन मे, मग सतरा मे, मग एकतीस मे. तारीख जवळ आली की पुढे सरकायची. दुकानाच्या भाड्याला तारीख होती, पतसंस्थेच्या हप्त्याला होती. हप्ते पुढे ढकलायची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली होती, पण व्याज चालूच राहणार होतं. केशरी कार्डावर मे-जूनसाठी माणशी तीन किलो गहू आणि दोन किलो तांदूळ मंजूर झाले, गहू आठ रुपये किलोने आणि तांदूळ बारा रुपयांनी. आईच्या जनधन खात्यात तीन महिने पाचशे पाचशे रुपये आले. दोन्हींची मदत झाली, नाही म्हणणार नाही. पण भाडं नऊ हजार होतं.

दुकानात दोन कारागीर होते, निम्म्या-निम्म्यावर काम करणारे. म्हणजे शंभर रुपयांची कटिंग झाली तर पन्नास त्यांचे. काम नाही तर पन्नासही नाहीत आणि शंभरही नाहीत. त्यातला एक अंबाजोगाईकडचा. एप्रिलच्या शेवटी तो भाजीच्या टेम्पोत बसून गावाकडे गेला. जाताना आपल्या दोन कात्र्या अण्णांकडे ठेवून गेला, "आलो की घेतो" म्हणून. त्या कात्र्या अजून ड्रॉवरमध्ये आहेत. तो आता सेंट्रिंगच्या कामावर जातो.

मी पैसे पाठवायचो, अण्णा परत करायचे. मे महिन्यात मात्र आईने मला सांगून तिच्या खात्यावर घेतले, आणि ते कळल्यावर अण्णा दोन दिवस जेवले नाहीत. मला त्यांचा राग आला होता. घरचेच पैसे घ्यायला लाज कसली?

ताईची बाजू आम्हा दोघांपेक्षा निराळी होती. ती नर्स आहे. त्या दिवसांत तिची ड्यूटी कोविड वॉर्डात होती, आणि ड्यूटी संपली की घरी न जाता एका हॉटेलच्या खोलीत राहायचं. रात्री अकराला तिचा फोन यायचा तेव्हा मास्कच्या दोऱ्यांनी तिचे कान दुखत असायचे. माझी बाजू घेऊन तिने अण्णांना दटावावं, असं मला वाटायचं. एकदा मी तसं म्हणालोही. ती म्हणाली, "दुकानं उघडी हवीत की बंद, ते मला विचारू नकोस. आज किती खाटा शिल्लक आहेत ते विचार. खाटा असतील तर अण्णांना दुकान उघडू दे. नसतील तर देवळाचंही दार लावा."

तेव्हा ते मला अर्धवट उत्तर वाटलं. आज वाटतं, एवढा नेमका मुद्दा त्या सबंध वर्षात दुसऱ्या कुणी माझ्यासमोर मांडला नाही. टाळेबंदीने रोग मरत नाही, तिच्यातून वेळ मिळतो. त्या वेळात खाटा वाढवायच्या, तपासण्या वाढवायच्या, माणसं शिकवून तयार करायची. २०२०च्या त्या पहिल्या महिन्यांत हे काही प्रमाणात झालं. साथीच्या सुरुवातीला ज्या पीपीई किटसाठी देश चाचपडत होता, ती मे महिन्यात दिवसाला दोन लाख तयार होत असल्याचं पंतप्रधानांनी सांगितलं. ताईच्या वॉर्डात सुरुवातीला रेनकोट घालून काम चालायचं. मेमध्ये किट आली. तिच्यासाठी तो वेळ खरंच मोलाचा ठरला, आणि म्हणून पहिली टाळेबंदी चुकीची होती असं मी म्हणणार नाही. चार तास आधी सांगून लावली, ते मात्र निर्दयपणाचं होतं.

पण त्या वेळाची किंमत कुणी मोजली? मी मोजली नाही. माझे त्या तीन महिन्यांत पेट्रोलचे आणि बाहेर खाण्याचे पैसे उलट वाचले. किंमत अण्णांनी मोजली, त्यांच्या कारागिरांनी मोजली, रिक्षावाल्यांनी, मांडववाल्यांनी, बँडवाल्यांनी मोजली. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचं उत्पन्न आदल्या वर्षीच्या तुलनेत २३.९ टक्क्यांनी घसरल्याचं तेव्हाचे सरकारी आकडे सांगत होते. ती घसरण सगळ्यांच्या अंगावर सारखी वाटली गेली असती तर माझ्याही पगारातून जवळपास चौथा हिस्सा जायला हवा होता. माझा एक रुपया गेला नाही. अण्णांचे शंभरातले शंभर गेले.

काही देशांनी हा हिशेब आधी केला. ब्रिटनमध्ये काम थांबलेल्या नोकरदारांच्या पगाराचा ऐंशी टक्के भाग, महिन्याला अडीच हजार पौंडांपर्यंत, सरकारने उचलला. आपला देश तेवढा श्रीमंत नाही, मान्य. पण नाहीच जमत म्हणायच्या आधी वाद तरी त्यावर व्हायला हवा होता: बंद ठेवणाऱ्याला किती, कुठून आणि कसं द्यायचं. आपण वाद घातला तो जीव मोठा की जीविका मोठी यावर. टीव्हीवर रोज रात्री दोन माणसं त्यावर तावातावाने बोलायची. दोघांच्याही मागे पुस्तकांचं कपाट असायचं.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये परदेशातल्या तीन शास्त्रज्ञांनी, त्यांत सुनेत्रा गुप्ता आणि जय भट्टाचार्य हे दोघे भारतीय वंशाचे, एक जाहीरनामा काढला. ग्रेट बॅरिंग्टन जाहीरनामा म्हणून तो गाजला. टाळेबंदीचं नुकसान मोठं आहे, तेव्हा वृद्धांना आणि आजाऱ्यांना जपा आणि बाकीच्यांना नेहमीचं जगू द्या, असा त्याचा मथितार्थ. माझ्या एका सहकाऱ्याला तो फार पटला होता. मी तो दोनदा वाचला. टाळेबंदीच्या नुकसानीबद्दल त्यात जे होतं ते मला आमच्याच घरात दिसत होतं. पण आजीला वेगळं ठेवायचं तर कुठे? दहा बाय बाराच्या खोलीत तिची कॉट खिडकीशी, अण्णांची गादी दाराशी. मधे एक स्टीलचं कपाट. हे कागद लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जे घर असतं, त्यात एक जास्तीची खोली असतेच.

आणि हेच टाळेबंदीलाही लागू होतं. ऑगस्ट २०२०मध्ये पुण्यातल्या पाच प्रभागांच्या सेरो सर्वेक्षणाचे निष्कर्ष आले. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून किती जणांना संसर्ग होऊन गेला ते त्यात पाहिलं होतं. पाच प्रभागांत मिळून ५१.५ टक्के, आणि आमच्या शेजारच्या लोहियानगर-कासेवाडीत ६५.४ टक्के. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांत मात्र हेच प्रमाण ३३ टक्क्यांच्या आसपास. मी तो आकडा बघत किती तरी वेळ बसलो होतो. अण्णांनी दुकान बंद ठेवलं, पोट आवळलं, पत्र्याआड राहिले, आणि तरी त्यांच्या वस्तीत रोग घरोघर फिरून गेला. त्या बंदमुळे ज्याला खरंखुरं संरक्षण मिळालं, तो कोथरूडच्या चौथ्या मजल्यावरचा मी होतो. अण्णांना मी जीव वाचवायला सांगत होतो, आणि त्यातून जास्तकरून वाचत होता माझा.

आणखी एक गोष्ट लिहायची आहे. मे अखेरीस ऑनलाइन वस्तू पुन्हा मिळू लागल्या तेव्हा मी एक ट्रिमर मागवला. बायकोने केस कापून दिले. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर बहुतेकांनी तेच केलं होतं, आणि कुठला ट्रिमर चांगला यावर लांबलचक चर्चा झाली होती. एप्रिलमध्ये याच ग्रुपवर, पेठांतले लोक ऐकत नाहीत, तिथे लष्कर बोलवा, असे निरोप फिरत होते. मी तेव्हा काही बोललो नव्हतो. ट्रिमरच्या चर्चेतही बोललो नाही, फक्त सगळ्यात जास्त जणांनी सांगितलेला तो घेतला.

अण्णांना हे सांगितलं नाही. पाच जुलैला, दुकान उघडल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी, पास-पत्र्यांची भानगड संपल्यावर मी पेठेत गेलो. नियम कडक होते: फक्त कटिंग, दाढीला परवानगी नाही, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं कापड, वहीत नाव आणि फोन नंबर. दाढी नाही म्हणजे निम्मा धंदा नाही. अण्णा मास्क आणि प्लास्टिकची ढाल लावून उभे होते, चष्म्यावर वाफ धरलेली. मी खुर्चीत बसलो. त्यांनी मान थोडी पुढे वाकवली, कानामागे बोट फिरवलं आणि थांबले. घरगुती मशीनचा कट त्यांच्यापासून लपणं शक्यच नव्हतं.

"सूनबाईंनी कापले का?"

"हो."

"बरे कापलेत," म्हणाले, आणि मागची ओळ सरळ करायला लागले. रेडिओ बंद होता. आरशात मला त्यांचे फक्त डोळे दिसत होते.

असे तीनच रविवार मिळाले. १३ जुलैच्या मध्यरात्रीपासून पुण्यात पुन्हा दहा दिवसांची टाळेबंदी लागली.

आमच्या पेठेला हे सगळं नवं नाही. २०२०च्या मार्चमध्ये राज्य सरकारने ज्या कायद्याचा आधार घेतला तो साथरोग कायदा १८९७चा, प्लेगच्या वेळी केलेला, अवघ्या चार कलमांचा. त्याच वर्षी पुण्यात रँडच्या हाताखालचे सोल्जर घरांत शिरून झडत्या घेत होते, सामान रस्त्यावर काढून जाळत होते. त्याच वर्षी, १० मार्चला, सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्यांना लागण झाली होती. फुलेवाड्यावरून जाताना ही दोन चित्रं माझ्या डोळ्यांसमोर एकदम येतात. सरकारला साथीत माणसांना अडवायचा अधिकार असावा, हे मला मान्य आहे. पण त्या चार कलमांत अडवलेल्या माणसाने जगायचं कसं याबद्दल अक्षर नाही, आणि सव्वाशे वर्षांनी आपण तोच कायदा कपाटातून काढला. ताईला कुणी देवदूत वगैरे म्हटलं की ती चिडते. सावित्रीबाईंचं नाव काढलं की मात्र गप्प होते.

शाळांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर लिहायला बसलो की मला राग आवरत नाही. राज्यातले हॉटेल आणि बार ५ ऑक्टोबर २०२० रोजी उघडले. पुण्यातल्या पहिली ते चौथीच्या वर्गांची दारं डिसेंबर २०२१मध्ये उघडली. समोरच्या बिऱ्हाडातली मुलगी टाळेबंदी लागली तेव्हा बाराखडी शिकत होती. घरात फोन एक, तो बापाबरोबर कामावर जायचा. त्या वर्षभरात आम्ही सगळे पोटतिडकीने भांडलो ते दुकानं, देवळं आणि दारूवर. शाळा बंद ठेवण्याचा निर्णय चुकला होता, आणि तिथे माझं मत डळमळीत नाही.

मग २०२१चा मार्च आला. फेब्रुवारीत अमरावतीत टाळेबंदी लागली तेव्हा पुण्यात लग्नांचे हॉल भरलेले होते. अण्णांचं दुकान बरं चाललं होतं, दाढीही सुरू झाली होती. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ताईचा फोन आला. या वेळी ती दमलेली नव्हती, घाबरलेली होती. ऑक्सिजनची खाट मिळत नाही, म्हणाली. लोक रिक्षात बसून वाट बघतात.

त्या दिवशी मला जे अपेक्षित होतं ते घडलं नाही. मी अण्णांना काही सांगायच्या आधी त्यांनी आसपासच्या सलूनवाल्यांना गोळा केलं होतं. अकरा दुकानं. २९ मार्चला धुळवड होती आणि सोमवारही. मंगळवारी त्या अकरातलं एकही दुकान उघडलं नाही. सरकारचा सलून बंदचा आदेश निघाला तो पाच एप्रिलपासूनचा. अण्णांनी आठवडाभर आधी शटर ओढलं होतं.

मी विचारलं, "गेल्या वर्षी एवढं भांडलात, आणि यंदा कुणी न सांगता?"

"कुणी न सांगता कसं? ताईनं सांगितलं की खाटा नाहीत." मग थोडं थांबून म्हणाले, "सोमवार का पाळतो आम्ही? पोलीस येतात म्हणून? सगळ्यांनी मिळून ठरवलंय. माझं गिऱ्हाईक त्याच्याकडे जात नाही, त्याचं माझ्याकडे येत नाही. असं असलं की बंद ठेवायचा त्रास होत नाही. एकानं कमवायचं आणि दुसऱ्यानं शटर ओढायचं, त्याचा होतो."

एप्रिलच्या मध्यावर मुख्यमंत्र्यांनी ५,४७६ कोटींची मदत जाहीर केली. परवानाधारक रिक्षावाल्यांना, फेरीवाल्यांना, नोंदणीकृत बांधकाम मजुरांना दीड-दीड हजार रुपये. रक्कम थोडी होती, पण बंद ठेवणाऱ्याला काही द्यावं लागतं हे त्यात निदान मान्य केलेलं होतं. सलूनवाला त्या यादीत नव्हता. अण्णांनी पेपर दोनदा बघितला आणि घडी करून ठेवला.

त्या रात्री मी पुन्हा पैशांचं बोललो. नाही म्हणतील असं धरूनच चाललो होतो.

"किती देणार?" अण्णांनी विचारलं.

मी आकडा सांगितला.

"एवढे नको. रविवारचा गल्ला किती असतो ते तुला माहीत आहे. तेवढे दर रविवारी दे. मदत म्हणून नको देऊस. दुकान बंद ठेवतोय ते सगळ्यांसाठी ठेवतोय, तुझ्यासाठीही ठेवतोय. ते काम आहे माझं. त्याचे दे. आणि निम्मे त्या पोराचे, तो अजून खोलीवर बसून आहे."

पोरगा म्हणजे दुसरा कारागीर, जो गावाला गेला नव्हता. आदल्या वर्षी अण्णा दोन दिवस उपाशी का राहिले होते, ते मला त्या वाक्याने कळलं. मी त्यांना मदत देऊ करत होतो. ते मजुरी मागत होते.

जूनमध्ये दुकान पुन्हा उघडलं. गिऱ्हाइकांची नावं लिहायची ती वही अण्णांनी मला दाखवली. मार्चच्या शेवटच्या पानानंतर त्यांनी एक कोरं पान सोडलं होतं. त्याच्या पुढच्या पानावर एप्रिल आणि मेचे रविवार तारखांनिशी ओळीने लिहिले होते, प्रत्येकासमोर रक्कम, तिचे दोन भाग, आणि दुसऱ्या भागासमोर त्या कारागिराची सही.